दुकानातून कुत्री बंद झाली तेव्हा

आमचं दुकान कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते माशांचं दुकान वाटतं, कारण काचेच्या टाक्या पुढं मांडल्यात आणि येणारीजाणारी माणसं उगाच थांबून त्यांत डोकावतात. पण दुकान बरीच वर्षं चाललं ते मागच्या बाजूच्या पिंजऱ्यांवर. तिथं कुत्र्यांची पिल्लं असायची. लॅब, पॉमेरेनियन, कधीमधी एखादं जर्मन शेफर्ड. मासा घ्यायला आलेला माणूस पिशवीत मासा घेऊन मुकाट घरी जातो. पिल्लू बघायला आलेला माणूस बायकोला फोन लावतो, बायको तिच्या भावाला बोलावते, भाऊ मित्राला घेऊन येतो, आणि मग सगळे मिळून पिल्लाचे कान, दात, शेपूट तपासतात. सून बघायला गेल्यावरसुद्धा माणसं एवढी चौकशी करत नसतील. मला ती गर्दी आवडायची. खोटं कशाला बोलू?

दुकान नवऱ्याच्या नावावर आहे आणि चालवते मी. नवऱ्याचा जीव माशांत. तो तासन्‌तास टाकीपुढं उभा राहतो, पाणी बदलतो, दिवे बदलतो, आणि गिऱ्हाइकानं काही विचारलं की माझ्याकडं बघतो. कुत्री माझ्याकडं, मासे त्याच्याकडं, अशी आमची वाटणी लग्नानंतर थोड्याच दिवसांत झाली आणि तीवर कधी भांडण झालं नाही.

मग शहरात नियम आला. दुकानातून कुत्र्या-मांजरांची पिल्लं विकायची नाहीत. मासे चालतील, खाद्य चालेल, पट्टे, साखळ्या, औषधी साबण सगळं चालेल. कुत्रं दुकानात ठेवायचंच असेल तर दत्तक देण्यासाठी ठेवायचं, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. सांगायला जो साहेब आला तो वयानं लहान आणि फार सभ्य होता, त्यामुळं मला जास्तच राग आला. एखादा उर्मट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी त्याला म्हटलं, "समोर चिकन सेंटर आहे. तिथंही पिंजरे आहेत. तिथं जाऊन आलात का?"

"तो विषय वेगळा आहे मॅडम."

"वेगळा आहेच की. तिथली घरी जाऊन जगत नाहीत."

तो बिचारा हसला आणि कागद टेबलावर ठेवून गेला. नवरा टाकीमागून म्हणाला, "मासे आहेत की." त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता. मी त्या रात्री त्याला वाढलं, पण बोलले नाही.

इथं मला अपराधी वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण वाटलं नाही. आमच्याकडचे पिंजरे रोज दोनदा धुतले जायचे. लस टोचल्याशिवाय पिल्लू बाहेर जात नव्हतं. आणि सगळ्यांनाच मी पिल्लू देत होते असंही नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, नवराबायको दोघंही नोकरीला, आणि मुलाच्या वाढदिवसाला 'सरप्राइज' द्यायचंय म्हणून जे लॅब मागायला यायचे, त्यांना मी नवऱ्याच्या टाक्यांकडं वळवायची. मासा सरप्राइज व्हायला चांगला, मी सांगायची, बोलत नाही आणि चप्पल खात नाही. काहीजण रागावून जायचे. जाऊ देत. पण अशी दुकानंही होती जिथं पिल्लू आजारी पडलं की मागच्या दारानं जायचं आणि नवं यायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नियम त्यांच्यामुळं आला आणि आम्ही त्यात सापडलो, असं मी येईल त्याला सांगत सुटले. चिडलेल्या माणसाला आपलंच म्हणणं पुन्हा पुन्हा सांगायला फार आवडतं.

साहेबानं दिलेली मुदत संपायच्या आत सगळी पिल्लं गेली. शेवटचं पिल्लू इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखानदारानं नेलं. रिकामे पिंजरे मी घासूनपुसून गच्चीवर ठेवले आणि त्या जागी खाद्याची पोती रचली. दुकान एकदम शांत झालं. टाक्यांच्या पंपाची घरघर इतकी वर्षं तिथंच होती, ती मला पहिल्यांदा ऐकू आली.

आणि मग शिरोळच्या मावशींचा फोन आला.

या मावशी म्हणजे आमच्याकडं लॅबची पिल्लं आणून देणाऱ्या. नात्यातल्या नव्हेत. शिरोळपासून थोडं आत, नदीच्या अंगाला त्यांची वस्ती. दोन म्हशी, ऊस, आणि नवरा-बायको दोघंच. मुलगी लग्न होऊन सीमेपलीकडं, कर्नाटकात गेलेली. त्यांच्याकडं लॅब कशी आली तर पुरात. महापुराच्या साली गाव उठून शाळेत गेलं होतं, आणि पाणी उतरल्यावर माणसं परत आली तेव्हा यांच्या गोठ्याच्या माळ्यावर एक तरणी, पिवळसर कुत्री बसलेली. गळ्यात चांगला चामडी पट्टा. कुणाची, कुठली, काही पत्ता नाही. मावशींनी गावोगावी निरोप पाठवले. कोणी आलं नाही. मावशी तिला 'बाय' म्हणायला लागल्या, आणि तेच राहिलं. पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही जातिवंत आहे, पिल्लांना चांगली किंमत येईल. मग जयसिंगपूरच्या एका कुत्र्याशी तिची गाठ घालून दिली, आणि दरसाल मावशी आमच्याकडं यायला लागल्या.

पिल्लं आणायच्या त्या भाकरीच्या मोठ्या बुट्टीत. खाली स्वतःच्या जुन्या लुगड्याची घडी, वर पातळ फडकं. पिल्लं बघितल्यावर कळायचं की यांना अंगावरचं दूध पोटभर मिळालंय आणि नंतर नाचणीची आंबील. माझ्याकडं येणाऱ्या सगळ्या पिल्लांत मावशींची पिल्लं अंगानं भरलेली. आलेला पैसा त्या कमरेच्या पिशवीत ठेवायच्या. तो त्यांचा स्वतःचा होता, त्यावर घरात कोणी बोलायचं नाही, हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. दुकानात बसायच्या मात्र नाहीत. चहासुद्धा पायरीवर उभ्यानं घ्यायच्या आणि पुढच्या खेपेला आल्या की आधी विचारायच्या, "मागली कुनाकडं गेली?" मी सांगायची. एक पोलीस लाइनीत, एक कागलला डॉक्टरांकडं, एक गारगोटीला. त्या एकेक गाव ऐकून मान हलवायच्या, मुली कुठं कुठं दिल्या ते सांगताना माणसं हलवतात तशी.

तर फोन. मावशी फोनवर नेहमीच ओरडून बोलतात.

"वैनी, पिल्लं इकायची बंद झाली म्हनत्यात. खरं हाय व्हय?"

"खरं आहे मावशी. दुकानातून नाही विकता येणार आता."

"मग बायचं काय करायचं?"

त्या साहेबाशी, नवऱ्याशी, शेजारच्या दुकानदारांशी मी इतके दिवस भांडत होते. दुकानाचं काय, धंद्याचं काय, ज्यांना पिल्लू हवंय त्यांनी कुठं जायचं, सगळं माझ्या तोंडी होतं. आणि ज्या कुत्रीची पिल्लं मी इतकी वर्षं विकली तिला मी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

"का, काय झालं?"

"आमची मालकं म्हनत्यात, आता हिचा काय उपेग न्हाय. दोन वक्ताला भाकरी खाती, दूध खाती. कारखान्याच्या रोडला सोडून येतो म्हनाल्यात. म्हनत्यात म्हंजी सोडत्यात बगा ती. मागं म्हातारा बैल आसाच घालवला."

कारखान्याच्या रस्त्याला सोडलेली कुत्री आमच्याकडं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. गळीत सुरू असतं, उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात, आणि ती कुत्री दोन-चार दिवस प्रत्येक मोटारसायकलमागं पळतात. पुढचं सांगायला नको. मी मावशींना म्हटलं, "थांबा. मी बघते काहीतरी. त्यांना सांगा, वैनी बघते म्हणाल्यात."

फोन ठेवल्यावर मी तो नियमाचा कागद काढून पुन्हा वाचला. पिंजरा केवढा हवा, वारा कसा खेळता हवा, पिल्लू किती दिवसांच्या आत आईपासून तोडू नये, सगळं नीट लिहिलेलं. वाईट काहीच नव्हतं त्यात. रागात पहिल्यांदा वाचला तेव्हा दिसलं नव्हतं, पण चांगला नियम होता. फक्त पिल्लं विकायची थांबली की पिल्लांच्या आया कुठं जाणार, याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. लिहिणाऱ्यांनी आमचे पिंजरे पाहिले होते, गोठा कुणीच पाहिला नव्हता. मी तरी कुठं पाहिला होता?

मग मी दत्तक देण्याचा उद्योग सुरू केला. मावशींच्या भाच्यानं मोबाइलवर बायचा फोटो पाठवला. गोठ्याच्या दारात बसलेली, तोंड पांढरं पडलेलं, पोट लोंबलेलं, आणि डोळे कॅमेऱ्याकडं नाही तर बाजूला कुणाकडं तरी. तो मोठा करून काचेवर लावला. खाली लिहिलं, 'लॅब, मादी, गरीब स्वभाव, दत्तक देणे आहे.'

कोल्हापुरात एखादी वस्तू फुकट देऊन बघा. पहिला माणूस आला, फोटो बघितला, म्हणाला, "कितीला?"

"पैसे नाहीत. फुकट."

"फुकट?" त्याचा चेहरा बदलला. "का वो? चावती?"

"चावत नाही."

"मग आजारी हाय."

"आजारी नाही. वय झालंय."

"न्हाय, काय तरी आसनार की. कोन फुकट देतंय?" आणि तो माशांचं खाद्य घेऊन गेला. दुसरा म्हणाला, पैसे घ्या, मग नेतो, फुकटचं जनावर दारात टिकत नाही. पैसे घेता येत नाहीत, नियम आहे, असं सांगितल्यावर तो म्हणाला, बरं, मग गुळाची ढेप आणून देतो. गूळ घेतला तर तीही विक्रीच झाली, म्हणून मी नको म्हटलं. त्याचा अपमान झाला. जाताना म्हणाला, "नियम काडनाऱ्याला म्हनावं, लेकरू बी कुनी नारळाबिगर देत न्हाय."

तिसरा शिरोली एमआयडीसीतला. फाउंड्रीच्या गेटवर बांधायला कुत्रं हवं होतं. रात्री भुंकेल ना, एवढंच त्याचं विचारणं. साखळी केवढी ठेवाल, मी विचारलं. त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले, एवढी. मी म्हटलं, ही मुकी आहे, भुंकत नाही. ते खोटं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

दिवस जात राहिले. मावशींचा पुन्हा फोन आला. मालकांनी दिवस सांगितला होता. मग मीच म्हटलं, इकडं घेऊन या. दत्तक देण्यासाठी दुकानात ठेवायला नियमाची हरकत नाही. दुकानात समोर असली की लोकांना तिचा स्वभाव कळेल, कुणीतरी नेईल. नाहीच नेलं तर बघू. नवऱ्यानं टाकीमागून फक्त एवढंच विचारलं, "बघू म्हणजे काय?" मी म्हटलं, बघू म्हणजे बघू.

भाच्याच्या छोटा हत्ती टेम्पोतून त्या दुपारी आल्या. भाजीच्या रिकाम्या करंड्यांमध्ये बाय बसलेली, आणि मावशीही तिथंच, मागं, तिच्या शेजारी. भाचा त्यांना उतरवून मार्केट यार्डाला गेला. मावशी पहिल्यांदाच दुकानाच्या आत आल्या. बाय त्यांच्या मागोमाग, गळ्यात म्हशीचं सुती दावं. तिनं सगळं दुकान हुंगलं. पोती हुंगली, टाक्या हुंगल्या, आणि मागच्या कोपऱ्यात, जिथं पूर्वी पिंजरे होते, तिथं जरा जास्त वेळ थांबली. फरशी मी कितीदा फिनेलनं धुतली असेल. तिला काय वास आला असेल ते तिचं तिला माहीत. मावशींनी माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं.

मी चहा ठेवायला आत गेले. मावशी म्हणाल्या, "चा नगं. गाडी जाईल." बाहेर आले तोवर त्यांनी बायला गल्ल्याच्या टेबलाखाली बसवलं होतं, तिच्या गळ्यातलं दावं सोडून त्याची नीट गुंडाळी केली होती आणि पिशवीत घातली होती. तिच्याशी काही बोलल्या नाहीत. माझ्याकडंही बघितलं नाही. "येतो," म्हणाल्या आणि पायरी उतरून चालू लागल्या.

दावं त्यांनी काढून घेतलं हे मी पाहिलं, आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माझंही माहेर शेतकऱ्याचं. गाय विकली, म्हैस विकली, तर विकणारा दावं सोडून घेतो. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. दावं सोबत दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्याबरोबर जाते म्हणतात. माझ्या वडिलांनी बैल विकले तेव्हा असंच दावं हातात घेऊन बाजारातून परत आलेले मी पाहिलेत. मावशींनी सवयीनं ते केलं आणि मी सवयीनं ते बघितलं. फक्त जनावर घेणाऱ्यानं आपलं दावं बांधायचं असतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मला वाटलं नवऱ्यानं बांधली असेल. नवऱ्याला वाटलं, कुत्री माझ्याकडं. दुकानात भिंतभर पट्टे, साखळ्या, रंगीत दोऱ्या टांगलेल्या, आणि त्याखाली कुत्री मोकळी बसलेली.

एक गिऱ्हाईक खाद्याचं पोतं बघायला आलं. त्याला दोन प्रकार दाखवून मी वळले, तर टेबलाखाली कोणी नव्हतं.

आम्ही दुकान तसंच टाकून निघालो. नवरा स्कूटरवरून दसरा चौकाकडं गेला आणि मी पायी व्हीनस कॉर्नरकडं. दुपारची ती वेळ, रिक्षा, बसगाड्या, शाळांच्या व्हॅन. मी प्रत्येकाला विचारत होते, पिवळी कुत्री बघितलीत का, मोठी, म्हातारी. पानपट्टीवाला म्हणाला, मगाशी एक रस्त्याच्या कडंकडंनं चालली होती, नाक खाली घालून, अगदी माणसासारखी थांबत थांबत. मी तशीच पुढं गेले. चाकाखाली सापडली असेल हा विचार मी करायचा नाही ठरवलं होतं आणि तोच करत होते. मावशींना फोन लावावा तर काय सांगू? तुमच्या मालकांनी कारखान्याच्या रोडला सोडली असती, मी व्हीनस कॉर्नरला सोडली?

तशीच चालत एसटी स्टँडवर पोचले, तर शिरोळच्या गाडीच्या फलाटापाशी मावशी बाकावर बसल्या होत्या. बाय त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेली. गळ्यात दावं पुन्हा बांधलेलं. मी जवळ जाऊन आधी त्या दाव्याची गाठ चाचपून बघितली.

मावशी कडाडल्या. "बांदली न्हाईसा व्हय वैनी? एवड्या गाड्यातनं आली ती! काय झालं आसतं मंजी?"

"दावं तुम्ही घेऊन आलात की!"

"आनि दुकानात एवडं पट्टं टांगल्यात, त्यातला एक घालाया काय झालतं?"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. दोन बायका आणि मध्ये एक कुत्री, कोण कुणाशी भांडतंय त्यांना कळेना. मग मावशींचाच जोर ओसरला. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि जरा वेळानं हळू बोलायला लागल्या. मावशींना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"इकल्यावर सोडत्यात तसं दावं सोडलं मी. गाडीला याला निगालो आनि वाटंत डोस्क्यात आलं, इकली कुटं? पैसं घेटलं न्हाईत. बरं, दिली म्हनावं, तर देताना दाव्यासकट देत्यात. लेकीला गाय दिली तवा दाव्यासकट दिलती. मग न इकली, न दिली. वैनी, मी मग केलं तरी काय?"

मी बायच्या पाठीवरची धूळ झटकत राहिले.

"टाकली की मी तिला," त्या म्हणाल्या. "मालकं कारकान्याच्या रोडला टाकनार हुती. मी तुमच्या दुकानात आनून टाकली. आनि ती मुकाट माज्या मागनं आली." मग त्या रडल्या. पदर तोंडाला लावून नाही, तशाच, समोर बघत. मलाही रडू आलं. मी लपवलं नाही.

तेवढ्यात शिरोळची गाडी लागली. मावशी उठल्या, बाय उठली, आणि दोघी दाराकडं निघाल्या. कंडक्टर पायरीवर आडवा. "मावशी, कुत्रं न्हाय घ्यायचं गाडीत."

"तिकीट काडतो की."

"तिकिटाचा प्रश्न न्हाय." मग माझा फोन मिळून तोवर येऊन पोचलेल्या माझ्या नवऱ्याकडं वळून म्हणाला, "पावनं, तुमी तरी सांगा."

माझा नवरा सहसा कुणाला काही सांगत नाही. तो म्हणाला, "आमची व्हॅन आहे. मी सोडतो."

दुकानाला कुलूप लावून आम्ही निघालो. मासे ने-आण करायची आमची जुनी व्हॅन, आत कायम पाण्याचा वास. मागच्या सीटवर मावशी आणि बाय. शिरोलीच्या फाट्यावरून पुढं हातकणंगले, जयसिंगपूर, आणि मग उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं हळूहळू. दोन्ही बाजूला तोडी चाललेल्या. घरी गेल्यावर काय होईल हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. सांगितलेला दिवस उद्यावर आला होता. नवऱ्यानं एकदा आरशातून मागं बघितलं आणि मला हळूच म्हणाला, "आपल्याकडं ठेवू या की." आमचं घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. तरी मी हो म्हटलं. पण मावशींनी ते ऐकलं होतं. "न्हाय," म्हणाल्या. एवढंच.

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशींचे मालक ओट्यावर बसून वैरणीचा भारा सोडत होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला टॉवेल. व्हॅनमधून आम्ही उतरलो आणि मग बाय उतरली. ती नेहमीच्या चालीनं गोठ्याच्या दाराकडं गेली आणि बसली.

"माघारी आनली?" ते म्हणाले.

"आनली."

"कशाला? सांगितलंय की. आता हिचा उपेग काय?"

मावशींनी पिशवी ओट्यावर ठेवली. ओरडल्या नाहीत. "उपेग कसला? पिल्लांचाच न्हवं? पिल्लं बंद झाली म्हनून तिला रोडला सोडायची. मग माजं बी बंद झालंय की. कवाचं. तुमाला ठावं हाय. उद्याच्याला दोगीस्नी बी घेऊन जावा. एकाच खेपंत हुतंय."

माझा नवरा चपलांकडं बघायला लागला. मालकांच्या हातातली वैरणीची पेंढी तशीच राहिली.

"काय बोलतीस पावन्यांम्होरं."

"पावन्यांम्होरंच बोलतो. एकटीनं बोललेलं तुमी कवा कानावर घेटलंसा?"

गोठ्यात म्हैस खुंट्याला अंग घासत होती. मालकांनी टॉवेल काढून तोंड पुसलं, परत बांधला. उसाकडं बघितलं, मग बायकोकडं. मावशी त्यांच्याकडंच बघत होत्या.

"तुला कोन सोडतंय," ते म्हणाले.

"मग हिला बी कोन सोडत न्हाय."

ते उठले. मला वाटलं बाहेर निघून जातील. ओट्याच्या टोकाला थांबले आणि म्हणाले, "पावनं आल्यात. च्या ठेव."

"तुमी ठेवा," मावशी म्हणाल्या, आणि गोठ्याच्या दारात बायशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या.

ते आत गेले. डबे शोधल्याचा, भांडं पडल्याचा आवाज आला. साखर कुठं आहे हे त्यांनी दोनदा ओरडून विचारलं आणि मावशींनी दोन्ही वेळा उत्तर दिलं नाही. शेवटी त्यांनीच चहा आणला, एकेकाच्या हातात कप दिला, आणि मावशींचा कप त्यांच्यापुढं वाकून जमिनीवर ठेवला. साखर फार झाली होती. आम्ही सगळ्यांनी तो मुकाट प्यायला.